वीतभर अंतर

“एक वीतच तर अंतर ठेवायचंय, बाई. त्यात तुमचं काय जातं?”

ऑरेलियां चिडला होता. मार्सेय बंदरातल्या बड्या घरांना वॉल्ट्झ शिकवणारा तो नावाजलेला मास्तर. आता त्याला टँगो, तो मिठीतला नाच, शिकायचा होता, म्हणून तो धक्क्यावरच्या हॉलमध्ये एउलालियाबाईंकडे येत असे. बाई टँगोच्या गावाहून, अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसहून जहाजाने आलेल्या. त्यांचे बाकीचे शिष्य खलाशी आणि हमाल.

त्या सकाळी हॉलच्या मालकाने बजावलं होतं, नाचणाऱ्या जोडीत वीतभर अंतर हवं. नाहीतर आजच कुलूप.

बाई संत्रं सोलत होत्या.

“सभ्य लोक येतील,” ऑरेलियां म्हणाला. “हॉल वाचेल. तुमचा टँगोही वाचेल.”

“वाचेल...? चल बाहेर.”

त्या त्याला धक्क्याच्या अगदी कडेला घेऊन गेल्या. खाली तेलकट, काळं पाणी.

“मी पुरुषाची पावलं टाकते. तू बाईची टाक. डोळे मिटून, उलटा चाल.”

“मी? बाईची?”

“आमच्याकडे पुरुष आधी हेच शिकतो. तू म्हणालास, मला गरज नाही.”

हमालांनी पोती खाली ठेवली. “मास्तर, पोहता येतं ना?” एकाने विचारलं. सगळे हसले.

बाईंनी त्याला वीतभर लांब धरलं, नुसत्या बोटांनी. दोन पावलं टाकून ऑरेलियां थिजला. त्याने डोळे उघडले.

“कडा कुठंय तेच कळत नाही!”

“मला दिसतेय.”

“तुम्हाला दिसून काय उपयोग? मला कसं कळणार?”

बाईंनी त्याला जवळ ओढलं, छातीला छाती लावून.

त्याने पुन्हा डोळे मिटले... आणि चालू लागला. बाई वळल्या की तो वळे, थांबल्या की थांबे. हमालांचं हसू कधीच विरलं होतं.

त्याने डोळे उघडले तेव्हा त्याची टाच पाण्यावर अधांतरी होती.

तेवढ्यात मालक आला. हातात कुलूप.

“काय मास्तर, समजावलंत का बाईंना? वीतभर?”

ऑरेलियांने मिठी सोडली नाही.

बाईंनी त्याच्या खांद्यावरून मालकाकडे पाहिलं.

“लावा कुलूप, मालक. अख्खा समुद्र ओलांडून आलेय मी... आता वीतभर मागे सरकू?”