रिकामा पाळणा

“दोन वर्षांमागं एका बुधवारी संध्याकाळी पाच वाजता लढाई जुंपली, बाबा. आफ्रिकेतल्या बोअरांनी, म्हणजे तिथं वसलेल्या डच शेतकऱ्यांनी, इंग्रजांना दिलेली मुदत संपली, अन् जुंपली. आता तुम्ही विचारता, कशावरून?”

“हां बेटा. कशावरून?”

नगरच्या किल्ल्याबाहेर चिंचेखाली लतीफशा फकीर बसला होता. समोर रंभाजी, पलटणीच्या तबेल्यातला मोतद्दार. सरकारी घोड्यांबरोबर आफ्रिकेच्या बोटीवर चढायचं होतं, म्हणून ताईत मागायला आला होता.

मागे त्याची बायको सगुणा. काखेत तान्हं लेकरू. ती सारखी लेकराच्या कपाळाला हात लावून बघत होती. बाबांनी ताईत देऊ नये, म्हणजे नवरा जाणार नाही, एवढंच तिच्या मनात.

“सोन्यावरून,” रंभाजी म्हणाला. “बोअरांच्या मुलखात सोनं निघालं. इंग्रज धावले. मग म्हणाले, आम्हालाही मताचा हक्क द्या. बोअर म्हणाले, तुम्ही उपरे, हक्क दिला तर राज्यच जाईल. इंग्रजांनी फौज आणली. बोअर म्हणाले, मागं न्या, नाहीतर…”

त्यानं मिशीवरून हात फिरवला. “तबेल्यात साहेब लोक बोलतात ना. मला सगळं ठाऊक आहे.”

“जमीन कुणाची?”

“दोघंही म्हणतात, आमची.”

“त्या दोघांच्या आधी कुणाची?”

“ते… साहेब बोलत नाहीत.”

बाबांनी झोळीमागून एक पाळणा ओढला. खोक्याच्या फळ्यांचा, खाली वाकडे पाय लावलेला. जमिनीवर ठेवला. एका बोटानं हलवला.

आत काहीच नव्हतं.

पाळणा डुलू लागला. कर्र… कर्र…

“अहो बाबा!” रंभाजीनं झडप घालून तो धरला. “रिकामा नका हलवू!”

“का? कारण सांग.”

“कारण काय त्यात! घरात लेकरू आहे. रिकामा हलवला की लेकराला बाधतं.”

“साहेब म्हणाले?”

“आई म्हणायची.”

सगुणानं लेकराला पदराखाली घेतलं.

बाबा किल्ल्याच्या भिंतीकडे बघत राहिले. आत आफ्रिकेतून आणलेले बोअर कैदी होते.

“तिथल्या एका म्हाताऱ्यानं केला हा. नातवासाठी. चाकूनं कोरत बसायचा, मला दाखवायचा, हसायचा… मग बातमी आली. इंग्रजांचे घोडेस्वार आले, घर जाळलं, सुनेला अन् पोराला छावणीत नेलं. छावणीत पोराला ताप आला.”

“मग?”

“मग पोर गेलं. अन् म्हाताऱ्यानं हा किल्ल्याच्या दरवाजातून माझ्याकडे ढकलला.”

रंभाजीचा हात अजून पाळण्यावरच होता.

“मी नुसते घोडे सांभाळतो, बाबा. खरारा करतो, चंदी देतो. मी कुणाचं घर…”



लांब तबेल्यात एक घोडा खिंकाळला. रंभाजीला तो कोणता, ते आवाजावरून कळलं. त्यानं मान खाली घातली.

मग तो म्हणाला, “बोट शुक्रवारी आहे. मी गेलो नाही, तर बाकीचे मोतद्दार विचारतील. त्यांना काय सांगू?”

बाबांनी ताईत काढला. सगुणा पुढं सरकली… बाबांनी तो लेकराच्या गळ्यात बांधला.

“तुझी आई म्हणायची, तेच सांग, रिकामा पाळणा हलवू नका. अन् म्हणावं, बोटीवर जो भेटेल त्याला सांगा. गोरा असला तरी सांगा.”