भिवरा परटीण आणि महाराजांचे अक्षर

"महिन्याभरात भिवरा परटिणीने भर दरबारात माझ्या हाताने लिहिलेला कागद वाचून दाखवावा. नाही वाचला, तर धर्मशाळेतला वर्ग बंद!"

पळसगडच्या रायाजीराव महाराजांनी हा हुकूम सोडला आणि दरबारातले सगळे कारकून भिवराची कीव करू लागले. कारण महाराजांचे अक्षर! त्यांनी एकदा आंब्याची रोपे मागवली होती, तर बारा बकऱ्या आल्या. महाराजांनीही त्या काही न बोलता ठेवून घेतल्या. तेव्हापासून कारकून महाराजांचा कागद वाचत नसत, अंदाज बांधत.

धर्मशाळेतला वर्ग मोठ्या माणसांचा होता. दुपारी कामे उरकली की सुतार, गवळणी, परटीण असे पंधरा-वीस जण पाट्या घेऊन जमत. शिकवणारे गावातलेच चार-पाच जण, एक पैसाही न घेता शिकवत. त्यांत वैद्यांच्या काशीकाकू सगळ्यांत कडक. महाराजांना हे अजिबात पटत नव्हते. लहानपणी मुळाक्षरे गिरवायला त्यांना स्वतःला सात वर्षे लागली होती, तीही रडत. पन्नाशीच्या बाईला ती सहा महिन्यांत येतात म्हणजे काय!

भिवराला मात्र वाचायचेच होते. तिची लेक तानी दूर घाटाखाली दिलेली. बारा वर्षे तिची पत्रे चावडीवर यायची, तिथला कारकून ती मोठ्याने वाचायचा आणि तानीच्या सासूचा स्वभाव, तानीची दुखणी, तानीचे रडणे भिवराच्या आधी चावडीवर बसलेल्या दहा जणांना कळायचे. ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. एकदाच, फक्त एकदा, लेकीचे पत्र आपले आपण वाचावे, एवढ्यासाठी ती वर्गाला येत होती. अजून जोडाक्षरांना अडखळायची. वर्ग बंद झाला तर सगळे तिथेच राहणार होते.

महिना संपला. दरबार भरला. महाराजांनी घडी केलेला कागद पुढे केला.

भिवराने तो सरळ धरला. मग उलटा धरला. मग पुन्हा सरळ धरला.

"म्हाराज, ह्ये मला न्हाई येत."

"पाहा!" महाराज खूश झाले. "चिटणीस, हुकूम आणा!"

विसाजीपंत चिटणिसांनी हुकूम सकाळीच लिहून तयार ठेवला होता. त्यांचे अक्षर मोत्यासारखे. पळसगडची रीत अशी, की ज्याच्याविषयी हुकूम निघेल त्याचा अंगठा त्यावर उठल्याशिवाय हुकूम लागू व्हायचा नाही. पंतांनी शाईचे फडके पुढे सरकवले.

"बाई, अंगठा."

"अंगठा न्हाई देत म्या."

"म्हणजे? हुकूम मोडतेस?"

"हुकूम न्हाई मोडत. पन काशीकाकूंनी पैल्या दिवशी, क गिरवायच्या आधी, सगळ्यांना शपथ घातलीया. न वाचता अंगठा द्यायचा न्हाई. आन वाचता आलं तर अंगठा कशाला, सहीच करायची."

"मग वाच आणि सही कर, पण लवकर!" महाराज म्हणाले. त्यांची जेवणाची वेळ झाली होती.

भिवरा खाली बसली. हुकूम मांडीवर घेतला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवले.

"भि... व... रा. भिवरा परटीण हि... हिला ए... कही अ... क्ष..." क्षपाशी ती थांबली. सगळा दरबार क्षपाशी थांबला. "...क्षर. अक्षर! एकही अक्षर वाचता येत नाही, हे आज भर दरबारात सि... सिद्ध झाले. सबब धर्मशाळेतला वर्ग बंद करण्यात येत आहे."

तिने बोट उचलले. "ह्याच्यावर सही करू?"

"कर!"

"खोट्यावर कशी करू, म्हाराज?"

"खोटं? यात खोटं काय आहे?" चिटणीस तडकले. "तुला एकही अक्षर वाचता येत नाही, असं स्वच्छ लिहिलंय!"

"व्हय, तसंच लिवलंय. पर आत्ता त्ये वाचलं कुनी?"

चिटणिसांनी शाईचे फडके हळूच मागे ओढले. महाराज मात्र इरेला पेटले.

"ते राहू दे! मी लिहिलेला कागद कुठे वाचलास?"

"वाचते की. पर वर्गात आमचे गुरुजन आधी वाचून दावत्यात, मंग आमी. म्हाराजांनी एकडाव वाचून दावावा."

महाराजांनी कागद घेतला. डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. मग चिटणिसांकडे दिला. चिटणिसांनी तो अत्यंत आदराने परत केला.

"काल तर मीच लिहिला," महाराज पुटपुटले. "यात बकऱ्या आहेत का हो, पंत?"

"अंदाजे... असाव्यात, महाराज."

महाराजांना आधी खोकला आला, मग हसू आले आणि मग ते इतके हसले की मंदील डोळ्यांवर आला. त्यांनी तो हुकूम फाडला.

"वर्ग चालू राहील! लुगडं-चोळी तर देतोच, पण आणखी काय हवं ते माग."

"लेकीचं पत्र चावडीवर कुनी फोडू नये. बंदच माज्या हातात द्यावं."

महाराजांनी तसा हुकूम काढला. तो चिटणिसांकडून लिहून घेतला, स्वतः लिहिला नाही. भिवराने तो वाचला आणि सही केली.

पुढच्या पंधरवड्यात पत्र आले, बंद. भिवरा ते घेऊन नदीवर गेली, आपल्या धुण्याच्या दगडावर बसली आणि तिने ते बोट ठेवून ठेवून शेवटपर्यंत वाचले. त्यात काय होते ते मला विचारू नका. चावडीला अजून कळलेले नाही.