उपाशी कोण?

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, एका गावात एक तितरवाला राहत होता. अंगणातल्या कुंपणात त्याने पुष्कळ तितर पाळले होते. त्यांतली ठुमकी त्याची भारी लाडकी. तिचं अंडं पोरकं सापडलं, तेव्हा त्याने ते पागोट्यात ठेवून डोक्यावर उबवलं होतं. डोक्याचा तेवढाच काय तो उपयोग झाला, असं त्याची बायको म्हणायची.

एक दिवस तितर मान ताणून सारखी चोच उघडायला लागले.

"झोप झाली नाही बिचाऱ्यांची," तितरवाला म्हणाला. त्याने कुंपणावर गोणपाट टाकलं आणि बायकोला जात्यावर ओव्या म्हणायला बंदी केली. पण तितर काही निजेनात. उलट ठुमकीच्या गळ्यात घरघर सुरू झाली, आणि एक तितर तर मेलाच. तेव्हा तो धावत वैद्याकडे गेला.

"वैद्यबुवा, माझे तितर जांभया देऊन देऊन मरायला लागलेत हो!"

वैद्यबुवा हसून हसून बेजार झाले. "अरे शहाण्या, त्या जांभया नव्हेत! गळ्यात जंत झालेत, श्वास कोंडतोय. ही पूड भिजवलेल्या बाजरीला चोळ अन् ती बाजरी दे. पण उपाशीपोटी हं! त्याआधी दुसरं काही पोटात जाता कामा नये."

उपाशीपोटी म्हणजे कोणी? प्रश्न ओठांपर्यंत आला होता. पण एकदा हसू झालंच होतं, म्हणून त्याने तो गिळला.

घरी बायकोने गरम भाकरी वाढली. त्याने ताट सरकवलं.

"अहो, आज कसला उपास?"

"जंतांचा."

"तुम्हाला झालेत?"

"छे, तितरांना."

बायकोने भाकरी झाकून ठेवली.

औषध कडू, तर आधी लेकरांचं तोंड गोड करावं म्हणून त्याने वारूळ फोडून ओंजळभर वाळवी तितरांपुढे टाकली. तितरांनी ती मटकावली. मग आली औषधाची बाजरी. भरल्या पोटाने तितरांनी ती पायाने उडवून दिली.

रोज हेच. तितरवाला वाळत चालला, ठुमकीची घरघर वाढत चालली. 'आपला उपास मोडतोय तरी कुठे?' त्याला कळेना. 'काल स्वप्नात जिलबी खाल्ली, ती भोवली की काय?' मग त्याने झोपणंही सोडलं.

शेवटी बायकोने त्याला धरून वैद्याकडे नेलं.

"जंत नक्की कोणाला झालेत?" वैद्यबुवा दचकले.

"नुसत्या पाण्यावर आहे मी, बुवा. तरी तितरांना गुण नाही!"

"पण तू का उपाशी?"

"तुम्हीच म्हणालात, उपाशीपोटी."

"अरे, पण तितरांच्या पोटी!"

"ते कुठं म्हणालात?"

वैद्यबुवांनी दाढी खाजवली. आठवून पाहिलं. खरंच म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणात काहीच पडलं नाही. ठुमकी त्याच्या पायाशी येऊन घरघरत चोच वासू लागली. सवयीने वाळवी आणलेली होती, ती मुठीत वळवळत होती. एवढीशी दिली तर काय होतंय? बोटं सैल पडली. पण त्याने डोळे गच्च मिटले आणि मूठ कुंपणाबाहेर झाडली.

दुपारी औषधाची बाजरी आली. भुकेल्या तितरांनी दाणा न् दाणा वेचला. असंच काही दिवस चाललं. हळूहळू घरघर थांबली, चोची मिटल्या, आणि एका सकाळी कुंपणातून खणखणीत आवाज आला, "तीतीतीर! तीतीतीर!" ठुमकीच होती.

बायको दारातून म्हणाली, "चला, जेवून घ्या आता."

तितरवाला जागचा हलला नाही.

"कोणी?" त्याने विचारलं.

तात्पर्य: सांगणाऱ्याने नीट सांगावं, ऐकणाऱ्याने न लाजता विचारावं, नाहीतर भलत्याचंच पोट रिकामं राहतं आणि जंत मात्र मजेत राहतात.