बंद न पडलेले इंजिन

एकदा एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत शाल्मली नावाची विद्यार्थिनी दोन इंजिनांच्या विमानाचा परवाना मिळवण्यासाठी आली. एका इंजिनाचे विमान ती चालवत होतीच. तिचे गुरू कॅप्टन हळबे सत्तरी ओलांडलेले, मितभाषी. त्यांनी तिला आधी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये बसवले.

सहा दिवस एकच पाठ चालला. विमान धावपट्टी सोडी आणि मागे बसलेले कॅप्टन कळ दाबून डावे इंजिन निकामी करीत. विमान त्या बाजूला ओढले जाई. तिने ते पायाने सावरायचे आणि निकामी इंजिन ओळखून, त्याचा दांडा मागे ओढून ते पूर्ण बंद करायचे. शाल्मलीचा हात इतका चपळ झाला की तिलाच अभिमान वाटू लागला.

सातव्या दिवशी विमान जेमतेम उचलले आणि डावीकडे कलंडले. काचभर झाडे वर आली. चित्र थबकले, सारे आवाज थांबले.

"सर, आज फारच लवकर बंद पाडलंत इंजिन."

"मी कळीला हात लावलेला नाही."

तिने मागे पाहिले. कॅप्टनांचे दोन्ही हात मांडीवर होते. मग तिने खाली पाहिले. डाव्या इंजिनाचा दांडा पूर्ण मागे ओढलेला होता, आणि त्यावर तिचाच हात होता. तो कधी ओढला, तिला आठवेना.

कॅप्टन उठले आणि दार लोटून बाहेर गेले. अर्धा तास ती त्या थिजलेल्या झाडांसमोर एकटी बसून होती. झाडांना पाने होती, पण एकही हलत नव्हते. स्वतःच्या बोटांची तिला भीती वाटत होती.

कॅप्टन परतले. म्हणाले, "सहा दिवस मी तुझ्या हाताला शिकवलं. आज पाहायचं होतं, तू तिथे आहेस का. सराव माणसाला निपुण करतो, बाळ, आणि नकळत त्याची जागाही घेतो. म्हणून आधी पायाला विचार. ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. मग खात्री कर. हात सर्वांत शेवटी."

महिन्याभराने खऱ्या विमानात परीक्षा झाली. पुरेशा उंचीवर परीक्षकांनी उजव्या इंजिनाची शक्ती काढून घेतली. शाल्मलीचा हात डाव्या दांड्याकडे निघालाच होता.

"थांब," ती मोठ्याने म्हणाली.

परीक्षकांनी चमकून विचारले, "कोणाला म्हणालात?"

उजवा पाय सैल होता. खात्री करून तिने उजव्या दांड्यावर हात ठेवला.

"हाताला, सर," ती म्हणाली.