बादलीतली घरघर

सोसायटीची हिरवळ ताम्हाणेकाकांनी जोपासलेली. बादलीभर पाण्यात कंपोस्ट घालायचं, माशांच्या टाकीचा पंप लावून त्यात रात्रंदिवस हवा सोडायची आणि ते पाणी गवताला द्यायचं. काका गेल्यावर काकूंनी हे व्रत सोडलं नाही.

सभेत अध्यक्ष शेवडे कडाडले, "ती पंपाची घरघर बंद करा! खताच्या पाण्याला कसली आलीय हवा?"

काकूंनी उठून हॉलच्या खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. थोड्याच वेळात शेवडे घामाघूम झाले. "अहो, जीव गुदमरतोय!"

"खतातले जिवाणूही असेच गुदमरतात," म्हणत काकूंनी घाईघाईने पंखा लावला. मग त्या शेवड्यांकडे वळल्या.

"'जीव गुदमरतोय', ह्यांचेही शेवटचे शब्द हेच होते, शेवडेसाहेब. तेव्हा दाबायला माझ्यापाशी कुठलंच बटण नव्हतं."