चौथ्या ओळीतल्या निळ्या मण्याची कहाणी

ऐक सुईमाये, तुझी कहाणी. सांगणारीचं चित्त थाऱ्यावर राहो, ऐकणारीचा हात चालता राहो.

आठ वेशींचं, साठ आळ्यांचं एक नगर होतं. त्या नगरात बारा वर्षांनी एक लेक परत आली. मनात काय धरून आली? देवळाची ओसरी बायांनी भरली असेल. दसुती कापडाचा लांबरुंद पडदा मधे पसरला असेल. भोवती सात जणी बसल्या असतील, सात सुया वर येत असतील, सात सुया खाली जात असतील. कुणी दोरा दाताने तोडत असेल, कुणी मण्यांची वाटी सांडली म्हणून बोलणी खात असेल. मी जाईन, आठवी होऊन बसेन. त्यांचं मी शिकेन, माझं त्यांना शिकवीन.

आणि पाहिलं काय? ओसरीत शेळी बसली होती. पडदा गुंडाळून आढ्याला टांगला होता, त्याच्या गुंडाळीत चिमणीने घर केलं होतं.

ही लेक कोणाची? सगुणाबाई पटवेकरणीची. सगुणाबाईने लोकांच्या माळा ओवाव्या, गोंडे वळावे, पोट भरावं. लेकीचं नाव आवडी. आवडी हुशार, म्हणून मामाने तिला सात नद्यांपलीकडे शिकायला नेलं. तिथे तिला आईची पत्रं जात. पत्रात दुसरं काही नसे. आम्ही दर शुक्रवारी बसतो, देवीच्या गाभाऱ्याचा पडदा भरतो. काठाने वेल आहे, डावीकडून चढते, उजवीकडून चढते, वर दोन मोर समोरासमोर आहेत, दोघांच्या चोचीत मिळून एक कमळ आहे. दसुतीचे दोन धागे आडवे, दोन धागे उभे, त्यांवर एक फुली. फुलीशेजारी फुली, ओळीवर ओळ. शेवटी वर मोती. आवडी ती पत्रं उशाशी ठेवी. तिने तिकडे रंगीत दोऱ्यांच्या लडी जमवल्या, फिकट ते गडद अशा लावून डब्यात भरल्या, आणि तो डबा छातीशी धरून ती घरी आली.

मग तिने आईला विचारलं, पडदा का थांबला? आई म्हणाली, डोळे अधू झाले गं. असं म्हणाली, आणि पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला. आवडीने ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

मग ती ठकूमावशीकडे गेली. ठकूमावशी म्हणाली, मी काय रिकामी बसलेय? ट्रंक उघडून दाखवली. आत चौदा कामं. हंस होता तो मानेपर्यंत, पोपट होता तो चोचीवाचून, ‘सुस्वागतम्’ होतं ते ‘सुस्वा’पर्यंत. जुन्याचा कंटाळा नाही गं, म्हणाली, पण नवा नमुना दिसला की हात शिवशिवतात.

मग ती गोदूताईकडे गेली. गोदूताई म्हणाली, लाल दोरा नाही. टोपलीत लाल दोऱ्याच्या सहा कोऱ्या लडी होत्या. मग या कशाला ठेवल्यास, आवडीने विचारलं. चांगल्या लडी आहेत, चांगल्या कामाला ठेवल्यात. देवीच्या पडद्याहून चांगलं काम कोणतं, आवडीने विचारलं. गोदूताईने टोपलीवर झाकण ठेवलं.

मग ती मैना कासारणीकडे गेली. मैनेने आडपडदा ठेवला नाही. तुझी आई यायची थांबली, म्हणाली. नमुन्याचा कागद तिच्याकडे, मोजणारी ती. ती थांबली, तिच्यामागे आम्ही थांबलो. का थांबली ते तिलाच विचार.

आवडी तरणी, डोक्यात वारं. तिने आईला पुन्हा विचारलं नाही. ती विहिरीवर गेली आणि चार बायांत म्हणाली, तुम्ही आळसावलात. हातात कला आहे आणि ट्रंकेत कुजते आहे. दूरदेशी लोक असल्या कामाला डोक्यावर घेतात. ठकूमावशीने घागर कमरेवर घेतली आणि विचारलं, “शिकून आलीस ते बोलायला, की टाका घालायलाही?” सगळ्या हसल्या. आवडी लाल झाली. तिथल्या तिथे म्हणाली, या चैत्रात पडदा लागेल, मी एकटी लावीन. तशीच गुरवाकडे गेली, त्यालाही सांगून आली. गुरवाने पडदा लावायची गाभाऱ्याची पितळी दांडी चिंचेने घासून ठेवली.

मग आवडीने शेळी हाकलली, चिमणीची पिल्लं उडून जाईपर्यंत चार दिवस कळ काढली, आणि पडदा खाली घेतला. पसरला, झटकला, हात फिरवला. उजवा मोर पुरा होता. डावा मोर मानेपर्यंत होता. मान, चोच आणि कमळ एवढंच राहिलं होतं. तिला वाटलं, एवढंच तर.

शुक्रवार आला. न्हाली, सुई ओवली, बसली. एक ओळ झाली की वाटे आणखी एक. ती झाली की वाटे हा हिरवा संपेपर्यंत. हिरवा संपला की निळा खुणावी. भाकरी विसरली, पाणी विसरली. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. कपाळावर मोठं कुंकू, पदराला सतरा सुया टोचलेल्या. म्हणाली, बाई बाई, काय करतेस? देवीचा पडदा भरते. मोजलंस का? आवडी म्हणाली, आजी, माझ्या ओळी मी मोजते. खालच्या ज्यांच्या त्यांनी मोजल्यात. म्हातारी हं म्हणाली आणि गेली.

दुसरा शुक्रवार आला. ठकूमावशी आली. नुसती बघायला आले म्हणाली, पण अंबाड्यात सुई खोवलेली होती. गोदूताई आली, पदराखाली लाल लड. मैना आली. आणखी तिघी आल्या. घटकाभराने सहाही जणी पडद्याभोवती मांडी घालून बसल्या होत्या, कुणी वेलीवर मोती लावी, कुणी काठ पक्का करी. आवडीला वाटलं, पत्रात होतं ते हेच. एक आई तेवढी नव्हती. मग म्हातारी आली. बाई बाई, मोजलंस का? आवडी म्हणाली, आजी, आता मोजण्याची वेळ कुठे आहे, चैत्र आला. म्हातारी हं म्हणाली आणि गेली.

तिसरा शुक्रवार आला. म्हातारी काही आली नाही. मोराची मान झाली, डोळा झाला, चोच आली, मधल्या कमळाची एकच फुली उरली. आवडी धावत घरी गेली, आईचा हात धरून तिला ओसरीत घेऊन आली. शेवटची फुली तुझी, म्हणाली. आई नको नको म्हणत होती. बायांनी तिला ओढून बसवलं.

तर काय, चोची जुळेनात. उजव्या मोराची चोच खाली, डाव्या मोराची एक धागा वर. मधलं कमळ कुणाच्याच चोचीत बसेना. अर्धी फुली हवेत राहिली.

आवडीने एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. तिची मान बरोबर, डोळा बरोबर. मग ती मैनेकडे वळली. म्हणाली, उजवा मोर तुमचा. तुमची बाजू चुकली.

मैनेने हातातली मण्यांची वाटी खाली ठेवली.  सुईचं टोक धाग्याधाग्यावर ठेवत ती वरून खाली मोजत आली, पार काठापर्यंत. सगळ्यांनी बरोबर मोजलं. उजवी बाजू चोख होती. मग म्हणाली, “आता डावी मोजू.”

डावी मोजली. मोराचं अंग बरोबर, पाय बरोबर, वेल बरोबर. एक फुली दोन धागे, एक फुली दोन धागे. खाली खाली आल्या. खालून चौथ्या ओळीत, जिथून वेलीचा देठ वर निघतो, तिथे सुई अडली. ती फुली तीन धाग्यांवर होती. तिच्यावरून मोजलेलं सगळं त्या एका धाग्याने वर सरकलं होतं. आणि त्या फुलीवर एक निळा मणी होता.

त्या बायांची एक रीत होती. जी जिथून ओळ सुरू करी, तिथे काठाला आपल्या रंगाचा एक मणी लावी, म्हणजे काम कुणाचं ते कळावं. मैनेचा पिवळा, गोदूताईचा लाल, ठकूमावशीचा पांढरा. निळा सगुणाबाईचा. पण मणी काठाला असायचा. नमुन्यात मधे मणी नव्हता. इथे मधे होता.

 सगुणाबाई उठली, पदर सावरला आणि घरी गेली.

तेव्हा ठकूमावशी हलकेच म्हणाली, जाऊ दे, खालून कोण बघतंय. गोदूताई म्हणाली, चोचींवर मोत्यांचा घोस लावू, सगळं झाकून जाईल. तिघी जणी हो म्हणाल्या. मैनेने चौथ्या ओळीतली सुई काढली नाही. आवडीच्या मनात आलं, खरंच लावावा घोस. पडदा चैत्रात लागेल, आईचं नाव राहील, बाया उठून जाणार नाहीत. आणि उसवायचं म्हटलं तर डावी बाजू चौथ्या ओळीपर्यंत जाईल, चौघींची कित्येक वर्षांची मेहनत जाईल, माझी मान तर जाईलच.

दिवेलागणीला ती घरी आली. आई चुलीपाशी बसली होती, चूल पेटवली नव्हती. मग आई बोलली.

“दिसलं होतं गं मला. उसवायचं म्हटलं तर साऱ्या बायांसमोर उसवावं लागणार. मोजणारी मी, आणि मीच चुकले, हे कसं सांगू? मणी लावला आणि झाकलं.”

मग तिने सगळं सांगितलं. वर दुसऱ्या बाया भरत जात, आणि तिला तो मणी रोज मोठा दिसे. मोर जवळ येऊ लागले, आणि चोची जुळायच्या नाहीत हे तिला ठाऊक होतं. शेवटी डोळ्यांचं निमित्त केलं आणि घरी बसली, पत्रात मात्र पडदा भरतो असंच लिहीत राहिली. आणि तेव्हा एक म्हातारी येई, म्हणाली. दर शुक्रवारी विचारी, बाई बाई, मोजलंस का? मी म्हणे, आम्हाला काय शिकवता.

 मीही तेच म्हटलं, आवडी म्हणाली.

इतक्यात दारात काठी वाजली. म्हातारी उभी. म्हणाली, एक हात दोरा द्या गं बायांनो, पदर फाटलाय. आवडीने डब्यातली सगळ्यात चांगली लड काढली, तिच्या हातात दिली, पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, आजी, तुम्ही कोण ते मी विचारत नाही. मी मैनाबाईला सगळ्यांदेखत बोल लावला, आईला सगळ्यांदेखत खाली बघायला लावलं. यावर उपाय काय?

म्हातारी उंबऱ्यावर बसली. म्हणाली, वसा आहे, घेशील का? अवघड आहे, म्हणून कुणी घेत नाही.

सांगा, घेईन.

“शुक्रवारी न्हाऊन बसावं. सुई ओवण्याआधी मोजावं, आपलं मोजावं, आपल्या खालचंही मोजावं. अर्ध्या फुलीवर उठू नये. हातातलं संपल्यावाचून नवं उघडू नये. चांगला दोरा झाकून ठेवू नये. चूक निघाली तर जिथे दिसली तिथून जिथे झाली तिथवर उसवावं, आणि उसवताना कुणाचं नाव घेऊ नये. मण्याने झाकू नये.”

याचं उद्यापन काय? काम पुरं झालं की उरलेला दोरा शेजारणीला द्यावा, तिला शेजारी बसवावं आणि पहिली फुली शिकवावी. एवढं बोलून म्हातारी उठली. दोऱ्याची लड पदराला खोवली, काठी टेकत आळीच्या वळणावर गेली, आणि मग दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडीने उसवायचं ठरवलं. आधी ती मैना कासारणीच्या दारात गेली, मी चुकीचं बोलले म्हणाली. मैना म्हणाली, चहा घे. मग ती गुरवाकडे गेली. यंदा पडदा लागणार नाही, मी नको ते बोलून गेले म्हणाली. गुरवाने घासलेली दांडी उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, देवी आहे की पुढच्या वर्षीही.

मग ती ओसरीत आली. पडदा पसरला, बारीक कात्री काढली. आधी स्वतःची मान उसवली. कमळ गेलं, चोच गेली, डोळा गेला, तुरा गेला. उसवलेला दोरा फेकला नाही, बोटाला गुंडाळून बाजूला ठेवला. ठकूमावशी आली, बघितलं, मोराचं अंग उसवायला बसली. तिची चौदा कामं ट्रंकेतच राहिली, पंधरावं तिने त्या सकाळी उघडलं नाही. गोदूताईने टोपली मधे आणून ठेवली, झाकण काढून. मैनेच्या उजव्या बाजूला हात लावायचा नव्हता, तरी ती डावीकडे येऊन बसली. मागोमाग त्या तिघीही आल्या.

पुढच्या शुक्रवारी, सगळ्यांत शेवटी, सगुणाबाई आली. तिला जागा करून दिली. चौथ्या ओळीपर्यंत सगळं मोकळं झालं होतं, फक्त तो निळा मणी उरला होता. आवडीने कात्री आईच्या हातात दिली. तिने कात्रीचं टोक मण्याखाली घातलं. दोरा कापला. मणी सुटून फरशीवर गेला, खांबापाशी थांबला. आवडीने उचलून आणला. आईने तो काठाला, जिथे तिची ओळ सुरू होत होती, तिथे लावला. मग नमुन्याचा कागद मांडीवर घेतला, आणि मोठ्याने म्हणाली, “एक फुली, दोन धागे.” सातही जणींनी तिच्यामागे मोजलं. कुणी अर्ध्या फुलीवर उठलं नाही.

सुईमाय जशी आवडीला भेटली, तशी तुम्हांआम्हांला भेटो. जिचं काम अर्धं पडलं असेल तिच्या हाती ते पुन्हा येवो. जिने मणी लावून झाकलं असेल तिला कात्री मिळो, आणि शेजारी बसायला कुणीतरी मिळो. ही साठ ओळींची कहाणी पाच फुल्यांत भरली, मागे गाठ न ठेवता सुफळ पुरी झाली.