पाण्यात पाय सोडून बसलेलं घर

"घर आलं, पण पाया नाही! आणि पायासाठी जमीन खणायची नाही! बोला, काय करता?" चंडप्रताप महाराज दरबारात गरजले.

घर लाकडी, एका खोलीचं. दर्यापारच्या व्यापाऱ्यानं नजराणा म्हणून धाडलेलं. भिंती, छप्पर, दार सगळं सुटं. खुंट्या ठोकल्या की उभं! महाराजांना ते परसात हवं होतं, दुपारी लवंडायला. पण परसाखालून हमामखान्याचा खापरी नळ गेलेला, म्हणून कुदळ लावायची नाही. मागच्या साली वाळवीनं महाराजांचा झोपाळा महाराजांसकट खाली आणला होता, म्हणून घर जमिनीला टेकायचं नाही. शिवाय घर जरा कललं की दार अडकणार, म्हणून पाया अगदी समपातळीत!

"महाराज, असा पाया आजवर कुणी..." राजगवंडी रखमाजी चाचरला.

"उद्या सूर्यास्तापर्यंत पाया नसेल, तर थापी-ओळंबा इथं ठेव आणि राज्याबाहेर चालता हो! दुसरं कुणी आहे का? बोला!"

त्या 'बोला'नं घात केला. रखमाजीची मुलगी सगुणा तिथंच ताक वाढत होती. ती स्वतःच्या शिंकेलाही दचकायची, ही तर महाराजांची डरकाळी! दोन्ही हात वर गेले, ओगराळं छताकडे उडालं आणि ताक प्रधानजींच्या पगडीवर.

"शाबास! हिनं तर दोन्ही हात वर केले!"

"मी... महाराज, मी फक्त दचकले!"

"दचकली असशील तर दचकून पाया घाल! नाहीतर बापाबरोबर तूही चालती हो!"

घरी आल्यावर सगुणा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आबा, रागवा हो मला."

"कशाला? एकट्यालाच हाकलणार होते. आता वाटेत बोलायला सोबत झाली."

धीट माणसं संकटात विचार करतात; सगुणा संकटात लोणी खायची. तिनं दुभत्याचं कपाट उघडलं. एक मुंगी कपाटाच्या पायाशी आली, पायाखालच्या पाण्याच्या वाटीपाशी थबकली आणि मुकाट परत फिरली.

"अगं बाई!" सगुणा किंचाळली. आबा दचकले. ते दचकले म्हणून तीही पुन्हा दचकली. "आबा, जुनी दगडी उखळं किती मिळतील आपल्या आळीत?"

सकाळी बायकांनी झिजलेली उखळं आणून टाकली. खणणं नाही, ठोकणं नाही. सगुणानं ती परसात चार कोपऱ्यांना नि मधे नुसती मांडली. प्रत्येकात मधोमध एक उभा, सपाट माथ्याचा दगड बसवला. रखमाजीनं दोन-दोन दगडांवर आडवी पन्हळ ठेवून तीत पाणी सोडलं. पाणी ज्या बाजूला धावेल, तिकडच्या उखळाखाली खडी घालायची. पाणी जागच्या जागी थांबलं, तेव्हा दगडांवर घर चढवलं आणि उखळं पाण्यानं भरली. वाळवीला आता पोहणं शिकल्याशिवाय वाट नव्हती!

सूर्य कलता कलता महाराज आले. एका बोटानं दार लोटलं. उघडलं! लोटलं. मिटलं! खोट सापडेना, तसे ते चिडले. मग वाकून पाहता पाहता एकदम ओरडले, "फसवणूक! घर दगडावर, दगड उखळात, उखळ जमिनीवर! म्हणजे घर जमिनीला टेकलंच की!"

सगुणा हातभर उडाली. आणि दचकल्यावर तिच्या तोंडाला कुलूप राहत नसे.

"मग आपण सिंहासनावर, सिंहासन चौथऱ्यावर, चौथरा जमिनीवर! म्हणजे महाराज इतकी वर्षं आमच्यासारखे भुईवरच बसलेत की!"

पुढच्याच क्षणी सगुणानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. राज्याबाहेरची वाट तिला डोळ्यांसमोर दिसू लागली. वाटेतला चढसुद्धा!

महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग पोट. मग ते इतके गदगदून हसले की उखळांतलं पाणी डुचमळलं.

"रखमाजी, थापी तुझ्याकडेच राहू दे! पोरी, तुला काय हवं? सोनं? जमीन?"

"महाराज... जमलं तर एवढंच करा. बोलायच्या आधी जरा खाकरत चला."

महाराजांनी तिला सोन्याचे तोडे दिले आणि शिवाय हुकूम काढला. तेव्हापासून सगुणा ताक वाढायला आली, की आधी महाराज खाकरायचे, मग प्रधानजी खाकरायचे, मग सगळा दरबार खाकरायचा. आणि प्रधानजी पगडी काढून मांडीखाली ठेवायचे!